समुद्रावरची वाट

सिन्नरच्या पठारावरून जाणाऱ्या वाटसरूला वाट चुकण्याचे भय फारसे नसते. त्याच्या पायांखाली रुळलेला रस्ता असतो. वाटेत ओळखीची झाडे आणि विहिरी लागतात. आणि गोंदेश्वराच्या मंदिराचे शिखर दृष्टीस पडले, की गाव जवळ आले हे कोणी सांगावे लागत नाही. समुद्रावर यांपैकी काहीच नाही. होडी पुढे गेली, की मागे उमटलेली रेघ क्षणात पुसली जाते. चहूकडे सारखेच पाणी, आणि त्या पाण्याखाली कोठे खडक आहे व कोठे गाळ, हे डोळ्यांना दिसत नाही. तरीही शेकडो वर्षे माणसे समुद्रावर जात आली आणि सुखरूप परत येत आली. त्यांनी समुद्रावरची वाट कशी ओळखली, हे समजून घेण्यासारखे आहे.

पृथ्वीवरील कोणतेही स्थान अक्षांश व रेखांश यांनी सांगता येते. सिन्नर सुमारे १९ अंश ५१ कला उत्तर अक्षांशावर आणि ७४ अंश पूर्व रेखांशाच्या अगदी जवळ वसले आहे. मुंबई बंदराचा अक्षांश सुमारे १८ अंश ५५ कला आहे. दोहोंतील अंतर ५६ कलांचे झाले. अक्षांशाची एक कला म्हणजेच एक सागरी मैल; त्याची लांबी १,८५२ मीटर. यावरून सिन्नर हे मुंबईच्या उत्तरेस सुमारे ५६ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ १०४ किलोमीटर आहे, हे घरबसल्या काढता येते. जी होडी तासाला एक सागरी मैल जाते, तिचा वेग एक नॉट मानतात. सागरी नकाशावर अंतर मोजताना ते नेहमी उजव्या किंवा डाव्या कडेवरील अक्षांशाच्या मापावर मोजावे. वरच्या किंवा खालच्या कडेवर मोजू नये. कारण रेखांश ध्रुवांकडे एकमेकांच्या जवळ येत जातात. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाची एक कला सुमारे १,७५० मीटरच भरते.

भारताच्या समुद्राचे नकाशे डेहराडून येथील राष्ट्रीय जलालेखन कार्यालय तयार करते. जमिनीच्या नकाशात डोंगरांची उंची दाखवलेली असते. सागरी नकाशात पाण्याची खोली. नकाशावर विखुरलेले आकडे ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून मोजलेली खोली दाखवतात. एखाद्या ठिकाणी १ हा आकडा असेल आणि त्या वेळी भरतीने पाणी ३ मीटर चढले असेल, तर तेथील प्रत्यक्ष खोली ४ मीटर होते. ज्या आकड्याखाली रेघ असते, ती जागा मात्र ओहोटीला उघडी पडते. अशा जागेवरचा खडक भरतीच्या वेळी पाण्याखाली दडलेला असतो आणि बेसावध होडीचा तळ फोडतो. नकाशा उघडताच खोली कोणत्या मापात दिली आहे, हे प्रथम पाहावे. जुन्या नकाशांत ती वावांत असे. एक वाव म्हणजे सहा फूट. मीटरांत लिहिलेले ५ कोणी वाव समजून वाचले, तर जेथे पाच मीटर पाणी आहे तेथे नऊ मीटर असल्याचा भास होतो. एवढीशी चूक होडीला पुरते.

आपण कोठे आहोत, हे ओळखण्याची जुनी व भरवशाची रीत सिन्नरच्या माळावरही करून पाहता येते. समजा, होकायंत्र हाती घेऊन एक मुलगा उभा आहे. गोंदेश्वराचे शिखर त्याला बरोबर पूर्वेस दिसते आणि पहिल्या बाजीरावांचे जन्मस्थान असलेल्या डुबेऱ्याचा डोंगर बरोबर दक्षिणेस. नकाशावर त्याने शिखरापासून पश्चिमेकडे एक रेघ ओढावी व डोंगरापासून उत्तरेकडे दुसरी. जेथे त्या एकमेकींना छेदतील, तेथे तो उभा आहे. तांडेल हेच करतो. शिखराच्या जागी त्याला दीपगृह असते आणि डोंगराच्या जागी एखाद्या जलदुर्गाचा बुरूज. दोन खुणा एकाच बाजूला अगदी जवळजवळ असतील, तर रेघा तिरप्या छेदतात व चूक वाढते. म्हणून परस्परांपासून दूर असलेल्या खुणा निवडाव्यात. तिसरी खूण मिळाल्यास पहिल्या दोहोंची परीक्षा होते. रात्री प्रत्येक दीपगृहाचा प्रकाश ठरावीक रीतीने चमकतो. ती रीत नकाशावर लिहिलेली असते. म्हणून दिवा केवळ दिसून भागत नाही, तो ओळखावा लागतो.

भरतीचा अंदाज घेण्याची एक सुटसुटीत रीत मुंबईकडील कोळी बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट केली, की भरतीचा सुमार कळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला व अमावास्येला ती दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास येते, आणि त्याच सुमारास समुद्राला मोठे उधाण असते. हा अर्थात ढोबळ अंदाज झाला. नेमकी वेळ व पाण्याची उंची छापील कोष्टकातच पाहावी.

एकट्या होडीला वाट कळली म्हणजे सर्व झाले, असे नाही. त्याच वाटेने दुसरेही येत असतात. यासाठी १९७२ मध्ये जगातील राष्ट्रांनी टक्कर टाळण्याचे नियम ठरवले व ते १९७७ पासून अमलात आले. त्यांतील पहिली शिकवण अशी, की होडीवर कोणीतरी सदैव डोळ्यांनी व कानांनी पहारा करीत असलेच पाहिजे. दोन यांत्रिक होड्या समोरासमोर आल्या, तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळावे. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी होडी असेल, तिने बाजू द्यावी. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने पुढच्यापासून दूर राहावे. रात्री होडीच्या डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा व मागे पांढरा दिवा असतो. उजवीकडून आडव्या येणाऱ्या होडीचा तांबडा दिवा आपल्याला दिसतो. म्हणजे ‘बाजू द्या’ अशी सूचनाच ती देत असते. जवळ येणारे जहाज होकायंत्रावर सतत एकाच दिशेला दिसत राहिले, तर टक्कर होणार असे समजावे. अरुंद खोल मार्गाने जाणाऱ्या मोठ्या जहाजाच्या आड लहान होडीने येऊ नये. त्याला झटकन थांबता येत नाही आणि मार्ग सोडून वळण्यास जागाही नसते. भारतातील बंदरात शिरताना तांबडे बोये डाव्या हाताला व हिरवे उजव्या हाताला ठेवावेत. बाहेर पडताना याच्या उलट.

हे नियम कंटाळवाणे वाटले, तर एक दिवस आठवावा. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत उलटली, आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. प्रवास थोड्या वेळाचा होता, मुंबई जवळच होती. पण समुद्र जवळचे-दूरचे पाहत नाही. म्हणून निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज ऐकावा, पेलतील तेवढीच माणसे घ्यावीत, प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट अंगावर घालावे, आणि कोठे जातो व केव्हा परतू हे किनाऱ्यावर सांगून ठेवावे. संकटात १५५४ या क्रमांकावर तटरक्षक दलाला हाक देता येते. आज उपग्रहांच्या साहाय्याने स्थान दाखवणारी यंत्रे लहान होड्यांवरही आली आहेत. ती अवश्य वापरावीत. परंतु यंत्र पाण्याने भिजते, त्याची वीज संपते. अशा वेळी नकाशा, होकायंत्र आणि ते वाचणारे डोळे हेच सोबती उरतात.

सिन्नरच्या देवनदीचे पाणी गोदावरीला मिळते आणि गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला जाते. मग पठारावर वाढलेल्या मुलानेही समुद्राला परका का म्हणावे? आपण कोठे आहोत हे तपासून घ्यावे, पुढे काय आहे ते आधी पाहावे आणि दुसऱ्याला वाट द्यावी, हा तांडेलाचा धडा जमिनीवर राहणाऱ्यालाही तितकाच उपयोगी आहे.