तळ्यातले शिसे

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नव्हे. कोहळी मंडळींनी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले आणि १९५१ साली मालगुजारी संपल्यावर लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झालेले हे जलाशय धानाला पाणी पुरवितात, ढीवरांना मासळी देतात आणि दिवाळी उलटली की उत्तरेकडून येणाऱ्या बदकांना आसरा देतात.

एके काळी या पाहुण्यांच्या मागोमाग बंदूकवालेही येत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातसुद्धा परवाना घेऊन काही पक्षी मारता येत असत. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाटही बंद झाली. आज बदकावर बंदूक रोखणे गुन्हा आहे, आणि तो असावाच.

पण मौज अशी की, बदक मरायला गोळी लागावीच लागते असे नाही. बारा बोअरच्या एका काडतुसात अडीचशेच्या आसपास छर्रे असतात. त्यांतले पक्ष्याला लागतात मोजके. बाकीचे चिखलात पडतात आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतात. बदकाला दात नाहीत. दाणा दळण्यासाठी ते बारीक खडे गिळते आणि पोटातल्या पेषणीत ते जात्यासारखे काम करतात. छर्रा त्याला खडाच वाटतो! मग पेषणीत शिसे झिजते, आम्लात विरघळते, रक्तात उतरते. पंख लोंबतात, मान टाकली जाते, अन्न पुढे सरकत नाही. थोडेसे छर्रेही पुरतात. पुढे तो मेलेला पक्षी गिधाडाने खाल्ला, की विष तिकडे.

अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचा छर्रा चालत नाही. डेन्मार्कने १९९६ साली तो सरसकट बंद केला. युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागांत त्याला मनाई केली. तेथील शिकाऱ्यांची कुरकुर अगदी खोटी नव्हती. पोलाद शिशापेक्षा बरेच हलके. त्याचा छर्रा लवकर वेग गमावतो, म्हणून दोन नंबर मोठा घ्यावा लागतो आणि नेमही जवळून धरावा लागतो. शिवाय पोलाद कठीण. तोंडाशी चिंचोळ्या जुन्या नळीला ते इजा करते. अशा बंदुकीला मऊ बिस्मथ बरे. टंगस्टन शिशाच्याही वरचढ, पण किंमत ऐकून हौस ओसरते!

आपल्याकडे आता छर्ऱ्यांचा प्रश्न नाही, पण फेकजाळ्याच्या कडेला ओवलेल्या आणि गळाच्या दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनांचा आहे. इंग्लंडात गळाची अशीच लहान वजने गिळून राजहंस मरत. १९८७ साली त्यांवर बंदी आली आणि हंसांची संख्या पुन्हा वाढू लागली. जाळ्याला लोखंडी साखळी चालते. भाजक्या मातीचे मणी तर फार जुने. साखळी गंजते खरी, आणि तेवढ्याच वजनाला आकारानेही मोठी होते. ढीवराला हा फरक हाताला जाणवतो आणि खिशालाही. त्याची भरपाई मच्छीमार संस्थेने की सरकारने करावी, हे मात्र बदके येण्यापूर्वी कोणीतरी ठरवायला हवे.