खेळाडूची पारख : गुण आणि दुखापत

पोलादाच्या कारखान्यात रूळ तयार झाला की त्याची परीक्षा होते. त्याच्या अंतरंगातून ध्वनिलहरी सोडून, डोळ्यांना न दिसणारी एखादी भेग आत आहे की काय, हे पाहतात. दोष आढळला तर तो रूळ बाजूला काढावयाचा, वितळवावयाचा आणि त्याच पोलादापासून दुसरे काही घडवावयाचे. यात कोणाचे काही बिघडत नाही. भारतीय रेल्वेला रूळ पुरविणाऱ्या भिलाईच्या कारखान्यात हे काम नित्याचे आहे. तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. १९५६ पर्यंत ज्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती, त्याच राज्यात भिलाईचा दुर्ग जिल्हा होता. तेव्हा मराठी माणसाला हे गाव अगदीच परके नाही.

पोलादाखेरीज आणखी एका गोष्टीसाठी भिलाईचे नाव देशभर झाले. ती गोष्ट म्हणजे मुलींचे बास्केटबॉल. दिवंगत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी येथे मुलींच्या कित्येक पिढ्या घडविल्या. सीमा सिंग, अंजू लाक्रा यांच्यासारख्या खेळाडू येथून भारताच्या संघात गेल्या. कानपूरची पूनम चतुर्वेदी भिलाईत पटेल यांच्या हाताखाली शिकली. तिची उंची ६ फूट ११ इंच. तिला पुढे मेंदूतील गाठीच्या आजाराशी झुंजावे लागले, आणि त्यातूनही ती पुन्हा मैदानावर उतरली. अशा खेळाडूकडे पाहिले की निवड करणाराला नेहमी पडणारा प्रश्न ठळकपणे पुढे येतो. अंगी दुर्मिळ गुण आहेत, पण शरीराची शाश्वती नाही, अशा खेळाडूला घ्यावे की वगळावे?

या प्रश्नाचा सर्वांत उघड जमाखर्च अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये पाहावयास मिळतो. तेथे दरवर्षी नव्या खेळाडूंची निवडफेरी होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. दुबळ्या संघांना निवडीत अग्रक्रम मिळावा, अशी तिची योजना असते. १९८४ साली दुसरी निवड पोर्टलंड संघाची होती. त्यांनी सॅम बोवी हा उंच खेळाडू घेतला. नडगीच्या हाडाच्या दुखण्यामुळे महाविद्यालयात त्याची दोन वर्षे वाया गेली होती, हे त्यांना ठाऊक होते. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने मायकेल जॉर्डनला घेतले. २००७ साली त्याच पोर्टलंडने पहिल्या क्रमांकावर ग्रेग ओडेन निवडला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्याचा पहिला हंगाम सामना न खेळताच गेला. त्याच्या पाठोपाठ निवडला गेलेला केविन ड्युरँट मात्र जगप्रसिद्ध झाला.

एवढ्यावरून ‘दुखरा खेळाडू टाळावा’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो अपुरा ठरतो. २०१४ साली जोएल एम्बीडच्या पावलातील नावेच्या आकाराचे एक लहान हाड मोडले होते. तरीही फिलाडेल्फियाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. पहिली दोन वर्षे तो एकही सामना खेळला नाही. पुढे २०२२–२३ च्या हंगामात मात्र सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याला मिळाला. त्यानंतरही दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही, हेही सांगितले पाहिजे. आणि निर्दोष समजला गेलेला जॉर्डन? १९८५–८६ च्या हंगामात त्याचेही हेच हाड मोडले व त्याला ६४ सामने मुकावे लागले.

मग वैद्यकशास्त्र या बाबतीत काय सांगू शकते? पूर्वीची दुखापत ही पुढील दुखापतीची सर्वांत ठळक पूर्वसूचना होय, एवढे निश्चित. पण सर्व दुखापती सारख्या नसतात. बोट मोडणे निराळे. पावलातील त्या लहान हाडाच्या मध्यभागी रक्तपुरवठा तोकडा असल्याने ते सावकाश जुळते. मुलींच्या बाबतीत गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण त्याच खेळातील मुलांपेक्षा पुष्कळच अधिक असते. उडी मारून खाली येताना गुडघे आत वळू न देणे, मांड्या व कंबर बळकट करणे, असा व्यायाम नियमाने करून घेतला तर हे प्रमाण सुमारे निम्म्याने घटते. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत घाईने मैदानावर येणाराला पुन्हा इजा होण्याची भीती फार वाढते. म्हणजे जोखीम ही जन्मजात ठरलेली वस्तू नाही. तिचा बराचसा भाग प्रशिक्षकाच्या हाती असतो.

मात्र जोखीम मोजताना एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. अंदाज चुकला तर किंमत कोण मोजणार? अमेरिकेत पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूला पहिल्या दोन वर्षांच्या वेतनाची हमी असते. तो जायबंदी झाला तरी तोट्याचा मोठा वाटा संघ सोसतो. आपल्याकडे बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीची आशा रेल्वेतील किंवा एखाद्या सरकारी उद्योगातील नोकरीवर असते, आणि ती नोकरी मिळण्यापूर्वीच गुडघा गेला तर सारा भार तिच्यावर व तिच्या घरच्यांवर पडतो. साहजिकच दुखणे लपविण्याकडे तिचा कल होतो. निवड करणारालाही मग खरी माहिती मिळत नाही, आणि लपविलेले दुखणे ऐन सामन्यात उघडे पडते.

म्हणून ज्या संस्थेला गुणी पण दुखऱ्या खेळाडूला घ्यावयाचे असेल, तिने प्रथम उपचाराचा खर्च, विश्रांतीचा अवधी आणि शिक्षणाची सोय यांची हमी द्यावी, व मगच त्या मुलीला तिच्या दुखण्याविषयी विचारावे. असे झाले तर ती खरे सांगेल, वैद्याचा सल्ला वेळेवर घेतला जाईल आणि निवडीचा हिशोबही अधिक अचूक होईल. एवढी तयारी नसेल, तर तिला खेळविण्याचा मोह संस्थेने आवरावा. उंची, चपळाई आणि अचूक नेम यांची पारख मैदानावर होऊ शकते. दुखऱ्या गुडघ्याची खरी हकीकत मात्र ती मुलगी निर्भयपणे बोलेल तेव्हाच कळते.