हौशी की व्यावसायिक?

दोस्तांनो, शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकात काम केलंय ना कधी? महिनाभर तालमी, गोंदानं चिकटवलेली मिशी, विंगेत उभं राहून हळूच वाक्यं सुचवणाऱ्या बाई आणि शेवटी एकच प्रयोग! टाळ्या पडल्या, फोटो निघाला, संपलं.

आता अशी कल्पना करा, की हेच नाटक उद्या साताऱ्याला करायचंय, परवा कोल्हापूरला आणि पुढच्या रविवारी मुंबईला दोनदा. वाक्यं तीच, हसण्यारडण्याच्या जागाही त्याच. असे शंभर प्रयोग! जमेल?

हौशी आणि व्यावसायिक यांतला फरक इथेच कळायला लागतो. नोकरीधंदा किंवा अभ्यास सांभाळून जो नाटक करतो तो हौशी नट. ज्याची चूलच नाटकावर पेटते तो व्यावसायिक. त्याला प्रत्येक प्रयोगामागे ठरलेले पैसे मिळतात, त्याला नाटकवाले 'नाइट' म्हणतात. प्रयोग नाही, तर नाइट नाही! म्हणून अंगात कणकण असो, रात्रभर बसचा प्रवास झालेला असो, तिसरी घंटा झाली की तो उभा राहतोच. कारण त्याचा शंभरावा प्रयोग असला, तरी तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाचा तो पहिलाच असतो.

मग हौशी म्हणजे कच्चा का? छे! विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिल्यांदा रंगमंचावर आलं. दिग्दर्शक होते डॉ. जब्बार पटेल, म्हणजे लहान मुलांचे डॉक्टर! नाना फडणवीस झाले होते डॉ. मोहन आगाशे, मनोविकारांचे डॉक्टर! या नाटकात दहा-बारा नटांची एक ओळच गात-नाचत पडद्याचं आणि भिंतीचं काम करते. तिकीटविक्रीच्या हिशेबात अडकलेल्या माणसाला असं धाडस करताना दहादा विचार करावा लागला असता. या मंडळींनी ते करून पाहिलं. नाटकावरून वाद झाले, १९ प्रयोगांनंतर ते थांबलं. पण कलाकारांनी १९७३ मध्ये 'थिएटर अकॅडमी' काढून ते पुन्हा उभं केलं आणि पुढे युरोपातही नेलं. हौसेला मोल नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

उलट गोष्ट डॉ. श्रीराम लागूंची. ते कान-नाक-घशाचे शल्यविशारद. कॉलेजात असल्यापासून ते वर्षानुवर्षं हौशी रंगभूमीवर कामं करत होते. १९६९ मध्ये, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी चालू व्यवसाय सोडून पूर्ण वेळ नट व्हायचं ठरवलं. केवढी मोठी उडी! पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं आणि त्यातले त्यांचे गणपतराव बेलवलकर मराठी माणसाच्या मनात घर करून बसले. पण त्या उडीमागे वर्षानुवर्षांच्या तालमी होत्या, हे विसरू नका. हौसेच्या काळातच त्यांनी आपलं काम घासूनपुसून लख्ख केलं होतं.

म्हणजे बघा, फरक पोटापाण्याचा आहे, गुणवत्तेचा नाही. खरा धोका आहे तो, "आपण काय बुवा, हौस म्हणून करतो!" या वाक्यात. हे म्हटलं की तालमीला उशिरा यायला आपण मोकळे. पाठांतर नाही झालं तरी चालतं. आणि त्यात फसतात कोण? तर वेळेवर येऊन थांबलेले बाकीचे नऊ-दहा जण! पैसे मिळोत न मिळोत, दिलेली वेळ पाळणं दोघांनाही चुकत नाही.

चित्र काढणाऱ्यांना, गाणाऱ्यांना, गोष्टी लिहिणाऱ्यांनाही हेच लागू आहे बरं का. पुढे यातच पडायचं की नाही, हे ठरवायला स्वतःला एकच प्रश्न विचारा: कौतुक करायला कुणी नसेल त्या दिवशीही मी रियाजाला बसतो का? उत्तर 'हो' असेल, तर मार्ग कुठलाही निवडा.

आणि आईबाबांनो, "मी नट होणार" असं पोरानं जाहीर केलं, तर लगेच घाबरू नका आणि लगेच हारतुरेही आणू नका. आधी त्याला चार वर्षं मनसोक्त हौस करू द्या. तालमीला वेळेवर जातोय ना, एवढं मात्र पाहा!