माहेरचं बाळंतपण

मार्चअखेर पोस्टानं एक लिफाफा आला. आत दोन ओळी: कौंडण्यपूर येथील वर्धा नदीचे पात्र ‘पाणथळ’ या व्याख्येत बसत नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. शिक्का पुसट होता आणि सही त्याहून पुसट. झोंबलं ते वेगळंच. उत्तर बरोबर होतं. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम मिळवून, चष्मा पुसून वाचले. नदीचं पात्र वगळलेलं आहे, भातखाचरं वगळलेली आहेत, पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलावही वगळलेले आहेत. पाणथळांसाठीचा मूळ करार १९७१ साली इराणातल्या रामसर गावी झाला, भारत त्यात १९८२ साली सामील झाला. त्या करारात नद्या पाणथळच आहेत, आपल्याकडं येईस्तोवर आटल्या. वऱ्हाडातून रामसर यादीत एकटं लोणार, तेही २०२० पासून. बाकी आमचं पाणी म्हणजे एक तर नदीचं, नाही तर धरणाचं. ज्या जागी मी पस्तीस उन्हाळे अंगावर घेतले, ती जागा कागदोपत्री कोरडी निघाली.

पक्षी पाहायला लागलो ऐंशीच्या सुमारास. त्या वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही. हिवाळ्यात पक्षिमित्र मंडळाबरोबर तलावावर जायचं, बदकं मोजायची, डबे सोडायचे, चटणी चाखायची, परत यायचं. मालखेडचा तलाव, छत्री तलाव, पुढं सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण झाल्यावर मोर्शीकडचा फुगवटा. चक्रवाक आले, पट्टकादंब आले, सगळे लडाख-तिबेटाकडून येणारे पाहुणे, आणि सगळं कौतुक पाहुण्यांचंच. आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते तीही १९८७ पासून दर जानेवारीत. फेब्रुवारी सरला की मंडळाच्या दुर्बिणी कपाटात जात. एका बैठकीत मी उन्हाळी फेरी सुचवली, तर आमच्यातल्याच एका जाणत्यानं इतिवृत्तात लिहून ठेवलं, ‘एप्रिल-मेमध्ये पाहण्याजोगे काही नसते.’ ती वही अजून माझ्याकडं आहे. ते गृहस्थ आता हयात नाहीत, म्हणून नाव टाकत नाही.

नव्वद साली माझी बदली कौंडण्यपूरजवळ, कुऱ्ह्याच्या बाजूला झाली आणि त्यांचं वाक्य खोटं ठरलं.

कौंडण्यपूर म्हटलं की लोकांना रुक्मिणीचं माहेर आठवतं. विदर्भाची जुनी राजधानी, काठावरचं देऊळ, आषाढीसाठी महिनाभर आधी पायी निघणारी पालखी. मला आठवतं ते देवळाखालचं पात्र. होळी झाली की वर्धेची धार एका अंगाला सरायची आणि मधात रेतीची बेटं उघडी पडायची. पांढुरकी, दळलेल्या ज्वारीसारखी रेती. त्या रेतीत डांगरवाड्या लागत. डांगरं, टरबुजं, काकड्या. वेलांच्या कडेला तुऱ्हाट्यांची खोपटी, खोपटीजवळ झिरा, झिऱ्यात ओंजळभर गार पाणी. पहिल्याच एप्रिलात मी गळ्यात दुर्बीण अडकवून सरळ बेटाकडं निघालो, तर एक म्हातारी वेलांतून ओरडली.

“गुर्जी, तिकून नोका जाऊ. थे बसली हाय.”

“कोण बसली, मावशी?”

“थे पांढरी, पिवळ्या चोचीची. माहेरी आली ना बाळंतपनाले.”

ती नदी सुरय होती. काळी टोपी, राखाडी पाठ, दुभंगलेली लांब शेपटी. रेतीत छातीनं केलेला उथळ खळगा, त्यात रेतीच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. काडी नाही, कापूस नाही, आडोसा नाही. दोन हातांवरून मला ती दिसली नव्हती, मावशीला खोपटीतून दिसत होती.

त्यानंतरची नऊ वर्षं मी एप्रिल आणि मे कुठं घालवले ते बायकोला विचारा. पहाटे पाचला सायकल, साडेपाचला काठ, नऊला परत. नऊनंतर दुर्बिणीतून काही दिसत नाही, नुसतं पात्र हलतं. पण खरी गंमत नऊनंतरच असते, हे मला उशिरा कळलं, म्हणून एका मे महिन्यात डोक्याला ओला पंचा बांधून मावशीच्या खोपटीत दिवस काढला. अमरावतीकडचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि रेती हवेपेक्षाही तापलेली. अशा रेतीवर अंडं उघडं राहिलं तर पिल्लू आतल्या आत शिजतं. पक्षी अंडी उबवतो असं आपण पोरांना शिकवतो. मीही शिकवलं होतं. इथं सुरय अंडी उबवत नव्हती, निववत होती. पंख सैल सोडून सावली धरायची, चोच उघडी, गळा धडधडता. मग उठून धारेवर जायचं, उडता उडताच पोट बुडवायचं, ओल्या पिसांनी येऊन पुन्हा अंड्यांवर बसायचं. जोडीदार आला की पाळी बदलायची. दुपारी चारपर्यंत हेच. टिटवीही तेच करते. त्या दिवशी मी शाळेच्या पाठ्यपुस्तकातलं एक वाक्य कायमचं खोडलं.

बेटावर सुरय एकटी नसे. छोटा आर्ली असे, रेतीच्याच रंगाचा, उडाला की पाकोळीसारखा. घरट्याजवळ गेलं की हा पंख मोडल्याचं सोंग करून फरफटत लांब जायचा आणि आपण त्याच्यामागं. कंठेरी चिखल्या पायांत स्प्रिंग बसवल्यासारखा पळायचा. काठाच्या दरडीत कवड्या खंड्याची बिळं. संध्याकाळी मोठ्या डोळ्यांचा करवानक. काळ्या पोटाचा सुरय एकदा पाहिल्यासारखा वाटला. वहीत त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह आहे आणि ते तिथंच राहील. टिटव्या तर जागोजाग. त्यांची अंडी मावशी रोज पाहून यायची. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस दणकून, खोलात घातली की बेताचा. अक्षय तृतीयेला सगळा मुलूख भेंडवळच्या घटमांडणीकडं कान लावतो. मावशीची घटमांडणी पात्रातच होती. तिचा अंदाज चुकला तेव्हा म्हणाली, “टिटवी बी नवीन होती, गुर्जी.”

डांगरवाडीवाल्यांनी एकही अंडं फोडलेलं मी पाहिलं नाही. ते घरट्याला वळसा घालून पाणी आणत. मोडतोड झालीच तर ती एकदा रात्रीत वरून पाणी आलं तेव्हा. सकाळी बेट निम्मं झालेलं. सुरया ओल्या रेतीवर घिरट्या घालत होत्या आणि ओरडत होत्या. पंधरा दिवसांनी उरलेल्या उंचवट्यावर पुन्हा खळगे.

१९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याकडच्या जंगलात रानपिंगळा सापडला, एकशे तेरा वर्षांनी. बातमी मोठीच होती. मीही पेढे वाटले. पुढं मेळघाटातही तो दिसला आणि आमच्याकडचे सगळे पक्षिमित्र घुबडाच्या मागं डोंगर चढले. त्यात चूक काही नाही. पण नदीकडं वळलेली जी चार-दोन मंडळी होती, तीही गेली. रानपिंगळ्याला निदान हरवायचा मान मिळाला. सुरय कुणाच्या लेखी हरवलीच नाही, कारण ती मोजलीच नव्हती.

नव्व्याण्णवला माझी बदली पुन्हा शहराकडं झाली. त्यानंतरच्या वीस वर्षांत मी वर्षातून एखादी खेप केली आणि दर खेपेला बेट लहान होत गेलं. खाली धनोडीला निम्न वर्धेची भिंत उभी राहिली. डांगरवाड्या विरल्या. मावशी कधी गेली ते मला नंतर कळलं. तिच्या खोपटीच्या जागी एकदा टिप्पर उभा होता.

रेतीचं गणित साधं आहे. पावसाळ्यात उपशाला बंदी असते. म्हणजे उपसा उरलेल्या महिन्यांत, आणि पात्र उघडं पडतं ते उन्हाळ्यात. सुरयीचं बाळंतपण आणि रेतीघाटाचा हंगाम एकच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंडी आणि घरटी मोडणं हाही गुन्हा आहे, पण घरटं म्हणजेच जिथं रेती, तिथं रेती नेणाऱ्याला काय विचारणार? मी एकदा विचारलं. या काठच्या साहेबांनी सांगितलं, बेट त्या काठचं, जिल्हा वर्धा. त्या काठच्यांनी सांगितलं, बेट या काठचं, जिल्हा अमरावती. वर्धा नदीनं जन्मभर वऱ्हाडची हद्द राखली, तिचं फळ हे. पोकलॅनला हद्द लागत नाही. नदी सुरय २०२० साली जगाच्या ‘असुरक्षित’ यादीत गेली तेव्हा मी एका नियतकालिकाला लेख पाठवला. उत्तर आलं की हिवाळी अंकासाठी पाहू.

मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ ला गेले. शोकसभेत सगळे चांगलं बोलले. पाखरांची मराठी नावं माझ्या पिढीच्या तोंडी बसवण्यात त्यांचा वाटा मोठा. त्यांच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, राज्यात पक्षी सप्ताह होतो. चांगलंच आहे. तारखांना इलाज नाही, पण तोही पाहुण्यांच्या मोसमात पडला. कुणा मोठ्या माणसानं वैशाखात जन्म घ्यायला हवा होता.

लिफाफा आल्यावर यंदा एप्रिलमध्ये मी तीन खेपा केल्या. नातू गाडी चालवतो, मी मागं बसतो. पात्रात बेट नाही, खड्डे आहेत आणि खड्ड्यांत हिरवं पाणी. सुरय एक दिसली, धारेवरून सरळ खाली गेली, बसली नाही. घरटं एकच सापडलं. टिटवीचं, चार अंड्यांचं, काठावर रचून ठेवलेल्या रेतीच्या ढिगावर. ढीग बराच उंच आहे. नातवाला मी सांगितलं, यंदा पाऊस दणकून. तिसऱ्या खेपेला ढीग नव्हता.