नारळाआधीची तयारी

मुलांनो, नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ वाहतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण नारळ वाहिला आणि बोट सोडली, इतकं ते सोपं नसतं बरं का! त्याआधी कितीतरी दिवस तयारी चाललेली असते. आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्यांनी तर ती एकदा पाहायलाच हवी!

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली. पण दिवाळे, सारसोळे, करावे, वाशी ही गावं त्याच्या कितीतरी आधीची. इथले कोळी मुख्यतः खाडीत मासे पकडतात. खोल समुद्रात जाणाऱ्या मोठ्या बोटी पाहायच्या, तर उरणजवळच्या करंजा बंदरात जायला हवं.

पावसाळ्यात या बोटी विश्रांती घेतात. २०२५ साली १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी होती. का? एक तर समुद्र खवळलेला असतो. दुसरं म्हणजे, हा पुष्कळ माशांच्या विणीचा काळ. आज पिल्लंच पकडली, तर उद्या खाणार काय? आपल्या पापलेटला २०२३ साली ‘राज्य मासा’ हा मान मिळाला, तोही त्याला जपावं म्हणूनच.

माणसांना मात्र विश्रांती नाही! फाटलेली जाळी विणायची, इंजिन खोलून तपासायचं, बोटीचा तळ खरवडून रंगवायचा. तळाला कालवांसारखे जीव चिकटले, की बोट जड चालते आणि डिझेल जास्त जळतं.

मग सामान भरायचं. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. डिझेल किती घ्यायचं, हा हिशेब त्याचा. जायचं, यायचं, आणि वादळात अडकलो तर लागेल ते वेगळं. समुद्रात पेट्रोल पंप थोडाच असतो! खलाशांसाठी तांदूळ, पीठ, मसाला, औषधं आणि भरपूर गोडं पाणी. चहूकडे पाणीच पाणी, पण प्यायला एक घोटही नाही!

सगळ्यांत जास्त जागा अडवतो तो बर्फ. बोट आठवडाभर बाहेर राहिली, तर पहिल्या दिवशीचा मासा ताजा कसा राहणार? म्हणून खणात बर्फाचा थर, वर माशांचा थर, पुन्हा बर्फ. आता गंमत ऐका. १ किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्या उष्णतेत १ किलो पाणी ० अंशांपासून ८० अंशांपर्यंत तापेल! बर्फ कमी पडला, तर सगळी मेहनत कुजून जाते.

पण मासळीपेक्षा माणूस मोठा. म्हणून प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट हवंच. किनाऱ्यापासून दूर मोबाइल चालत नाही. तिथे वायरलेस आणि जीपीएस उपयोगी पडतात. संकटाचा संदेश उपग्रहामार्फत तटरक्षक दलापर्यंत पोहोचवणारं यंत्र ‘इस्रो’ने तयार केलं. २०१० पासून ते वापरात आहे. २०२४ साली आलेल्या नव्या यंत्रात तर ‘तुमचा संदेश मिळाला’ असं उत्तरही बोटीवर येतं. बुडत्याला त्याचा केवढा आधार!

आणि शेवटची तयारी म्हणजे थांबायची तयारी. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ आपल्या किनाऱ्यावर आलं. कोकणातले अनेक मच्छीमार तेव्हा समुद्रातच होते. कित्येक जण परतलेच नाहीत. डिझेल भरलेलं आहे, बर्फ वितळतो आहे, पैसे गुंतले आहेत आणि नेमका बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, तर? मन म्हणतं, ‘जाऊ या, काही होत नाही.’ अशा वेळी बोट बंदरातच ठेवतो, तो तांडेल खरा शहाणा!

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. बर्फाचे सारखे दोन तुकडे घ्या. एक उघड्या वाटीत ठेवा, दुसरा थर्मोकोलच्या डब्यात झाकण लावून. कोणता आधी वितळतो, ते घड्याळ लावून वहीत लिहा. आणि पुढच्या वेळी आईबाबांबरोबर बाजारात गेलात, की कोळीण मावशींना विचारा, “मावशी, हा मासा किती दिवस बर्फात होता?” त्यांच्याकडून जे कळेल, ते कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही!