शहाबादी फरशी, सीलर आणि रांगणारे मूल

बालरोगतज्ज्ञाने फरशीविषयी लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु माझे निम्मे रुग्ण फरशीवरच वाढतात. हैदराबादेतील आपल्या अनेक जुन्या घरांत शहाबादी किंवा तांडूरची फरशी आहे. दोन्ही चुनखडीचेच दगड, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. दगड सच्छिद्र असल्याने तेल, हळद, चहा त्यात मुरतात.

गेल्या वर्षी डाग काढण्यासाठी कामगाराने आमची फरशी ॲसिडने धुतली. फेस आला; तो मळाचा नव्हे, विरघळणाऱ्या दगडाचा होता. चकाकी गेली ती गेलीच. सीलरही आम्लापासून दगडाला वाचवत नाही. तो डाग मुरण्यास विलंब लावतो, इतकेच.

सीलर हवा की नको, हे पाण्याचे चार थेंब सांगतात. दहा मिनिटांत दगड काळवंडला, तर हवा. सौम्य, आम्लविरहित साबणाने धुऊन फरशी दोन दिवस वाळू द्यावी. ओल आत कोंडल्यास पांढुरके चट्टे उमटतात. आधी कपाटाखालच्या कोपऱ्यात लावून पाहावे. थर पातळ असावा आणि डब्यावर सांगितलेल्या वेळेनंतर वर उरलेला सीलर कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा, नाहीतर चिकट पापुद्रा राहतो.

शक्यतो पाण्यात मिसळलेला सीलर घ्यावा. दुसऱ्या प्रकारात रॉकेलच्या जातीचे द्रावक असते. त्याची वाफ हवेहून जड, म्हणून जमिनीलगत साचते. रांगणाऱ्या बाळाचे नाक नेमके तेथेच असते. आमच्याकडे हाच प्रकार आला होता. उरलेला सीलर कामगाराने शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीपाशी ठेवला. दीड वर्षाच्या नातवाने ती तोंडाला लावली. झाकण घट्ट होते, म्हणून निभावले. रॉकेल बाटलीत ठेवू नका, असे तीस वर्षे मी आयांना बजावीत आलो आहे!

असे द्रावक मुलाने प्यायल्यास उलटी करवू नये; ते फुप्फुसात शिरून रासायनिक न्यूमोनिया होतो. मूळ डबा बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. मूल हसतखेळत दिसले तरी निदान सहा तास देखरेखीखाली असावे.

यंदा दिवाळीपूर्वी पुन्हा हात दिला. या खेपेस पाण्याचा सीलर आणला. उरलेला डबा माळ्यावर कुलपात आहे. नातू दोन दिवस आजोळी होता.