फुलसावंगीचा मुन्ना

1911 ची पहिली इंडियानापोलिस 500 शर्यत जिंकणारा रे हॅरून मुळात इंजिनिअर. त्याची एकआसनी मार्मन गाडी घडवण्यात त्याचाच मोठा वाटा होता. पाठीशी अख्खा कारखाना होता. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीच्या शेख इस्माईल शेख इब्राहिम ऊर्फ मुन्नापाशी मात्र होतं भावाचं गॅस वेल्डिंगचं दुकान. शाळा आठवीतच सुटलेली. पत्रा कापत, सांधत त्याने मारुती 800 चं इंजिन बसवलं आणि सुमारे दोन वर्षं खपून एकआसनी हेलिकॉप्टर उभं केलं. नाव ठेवलं ‘मुन्ना हेलिकॉप्टर’. ही जिद्द थोरच म्हणायला हवी.

ऑगस्ट 2021 मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, रात्री चाचणी सुरू होती. इंजिनाने वेग घेतला, शेपटाकडचा पंखा तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि त्याचं पातं मुन्नाच्या डोक्याला लागलं. त्यातच तो गेला. तो अवघा 24 वर्षांचा होता.

असा मुलगा तुमच्या गावात असेल, तर त्याच्यासाठी नुसत्या टाळ्या वाजवू नका. जवळच्या आयटीआयच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या जाणत्या शिक्षकाशी त्याची गाठ घालून द्या.